पुलावर लागणारा दिवा

दादर, मंगळवार

ती. नाना,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? दुखत असली तरी फोनवर आईला बरी आहे असंच सांग. बकुळावहिनीला नमस्कार. विकासला आशीर्वाद, आणि गाडीबद्दलचे त्याचे सल्ले त्याने आता थांबवावेत. इथे सल्ल्यांची कमतरता नाही. फोनवर हे सगळं सांगितलं असतं, पण आमच्या दोन खोल्यांत एक तरी माणूस ऐकत असतोच.

आईचा गुडघा बरा झाला. त्यासाठीच ती आली होती. आता बॅग भरून दाराशी ठेवली आहे आणि आम्ही सगळे तिला वळसा घालून ये-जा करतो. (रोज एक साडी बाहेर निघते, रात्री धुऊन पुन्हा आत जाते.) चिपळूणला जायला एसटी नको, भाड्याची गाडी नको. जावयाने आणलं, जावयानेच पोचवायचं. आणि जावयाच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला आहे.

रघुवीर (इतक्या वर्षांनी 'हे' म्हणायचा कंटाळा येतो, आईसमोर म्हणते) केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाला, हे आमचं दुर्दैव. परळच्या गंगाधर मेकॅनिकने गाडीला यंत्र लावलं आणि म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुस्त झालाय. म्हणजे इंजिनाचा विषारी धूर जरा निवळून बाहेर सोडणारा डबा. दुसरं कुणी असतं तर डबा बदलून घरी आलं असतं. रघुवीरने तिथेच गंगाधरला उत्प्रेरक म्हणजे काय ते शिकवलं. गंगाधर ऐकत ऐकत दुसऱ्या गाडीखाली शिरला.

मग रघुवीरने स्वतःचं यंत्र मागवलं. डब्याच्या आधी एक सेन्सर, नंतर एक. यंत्रावर पहिल्याची रेघ नाचते, दुसऱ्याची शांत राहायला हवी. आमची दुसरीही नाचत होती. पण डबा दोषी धरण्याआधी पाइपला कुठे फट आहे का बघायचं, सेन्सर खोटं बोलतोय का बघायचं. पाइपला साबणाचं पाणी लावून झालं (माझ्या भांड्यांच्या साबणाचं). सेन्सर बदलून झाला. दिव्याची नोंद यंत्राने पुसून टाकली. आई रोज विचारायची, "दिवा शांत झाला का हो?" (विझला म्हणायचं नाही, गाडीतला असला तरी.) आणि एके दिवशी रघुवीर म्हणाला, "झाला."

त्या आठवड्यात आम्ही लालबागला गेलो, गिरगावात गेलो, माझगावच्या कमलमावशीला आई भेटून आली. दिवा नाही. त्या रविवारी बॅग गाडीत ठेवली. आईने कॉलनीतल्या सगळ्यांचा निरोप घेतला, थोडी रडली. शिवडीहून अटल सेतूवर चढलो. मोकळा रस्ता, गाडी एका वेगात, आई खाडी बघतेय, आणि मधोमध दिवा लागला. पुलावर वळता येत नाही. पलीकडच्या टोकापर्यंत जावं लागलं. तिथून रघुवीरने गाडी फिरवली. दादरला आल्यावर आई म्हणाली, "उतरवा बॅग."

त्याने रात्रभर वाचलं. गाडी स्वतःची तपासणी मोकळ्या रस्त्यावर, एका वेगात चालताना करते. दादर-परळच्या गर्दीत तिला तपासणीच करता येत नाही, म्हणून दिवा लागत नाही. यावरून शहाण्या माणसाने डबा बिघडला आहे असं ठरवलं असतं. तेही त्याने ठरवलं, पण त्याबरोबर मोकळ्या रस्त्यावर जायचं नाही हेही ठरवलं. नवा डबा मागवला आहे. दुकानदाराला विचारलं की तो म्हणतो, "निघालाय." गंगाधर म्हणतो, "काकी, दिवा लुकलुकला तर थांबा. नुसता लागलाय आणि गाडी ओढतेय, तर गावाला जाऊन या की." हे मी रघुवीरला सांगितलं. तो म्हणाला, सासूबाईंना घेऊन घाटात बंद पडलो तर? या माणसाला गाडीची नाही, आईची भीती वाटते. आईला मात्र वाटतं, जावयाला आपल्याला पाठवायचंच नाही. काल शेजारच्या मायाला ती कौतुकाने म्हणाली, "सोडतच नाहीत हो." दोघंही एकमेकांना काही विचारत नाहीत. मध्ये मी आणि ती बॅग.

बाकी ठीक. तब्येतीला जप.

तुझी
सुनेत्रा

ता. क. आम्ही रविवारी येतोय. काल दिवा पुन्हा शांत झाला असं मी घरात जाहीर केलं. खरं म्हणजे मी त्यावर टिकली लावली आहे, मोठी, मरून रंगाची. नाना, अंगणात गाडी थांबली की विकासला आत डोकावू देऊ नकोस. तो बोलून जाईल.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी खाली जाऊन पाहून आले. काल घाईत लावलेली माझी टिकली जरा डावीकडे बसली होती, कडेने पिवळं दिसत असणार. आता ती बरोबर मधोमध आहे, नीट दाबून बसवलेली, आणि मी तिला पुन्हा हात लावलेला नाही. आई एकटी जिना उतरत नाही. वहिनीला म्हणावं, रात्रीच्या जेवणाला आम्हाला धर.