तीनदा झालेली शर्यत

सालमिया, शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बाबांनी इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी भारतातल्या ग्रां प्रीचा इतिहास लिहिला आणि तपासायला मला दिला. पहिलंच वाक्य: 'भारतात दर वर्षी फॉर्म्युला वनची शर्यत होत असे.' खोडलं. २०११ ते २०१३, फक्त तीन वर्षं.

"तीनदा घडलेल्या गोष्टीला 'होत असे' म्हणत नाहीत, बाबा. 'झाली' म्हणतात."

"बरं, इंजिनियरबाई." त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "राहू दे. लेख देतच नाही."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं समाधान?"

माझी दुरुस्ती बरोबर होती. अजूनही बरोबरच आहे. मग 'होत असे' डोक्यातून का जात नाही?

तिसऱ्या वर्षी बाबा इथल्या, आखातातल्या नोकरीतून रजा काढून भारतात शर्यतीला गेले. माझी शाळा होती. "पुढच्या वर्षी तुला नेतो," म्हणाले. पुढच्या वर्षी शर्यतच झाली नाही. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं ते ऑक्टोबरअखेरची रजा राखून ठेवत. मी 'कधी नेणार' विचारायचं सोडलं, तेव्हाही. म्हणजे दर वर्षी काहीतरी होत असे. शर्यत नव्हे, एवढंच.

जेवणानंतर विचारलं, "मला खरंच नेणार होतात?"

"कुठे बसायचं तेही ठरवलं होतं. वळणापाशी. तिथे गाड्या हळू होतात, तुला नीट दिसल्या असत्या."

"हे लेखात का नाही?"

"हा काय इतिहास आहे?"

"लिहा," म्हटलं. "मी तपासणार नाही."