उटण्याचा मळ

१९ ऑक्टो., रवि.
लुडविग्सहाफेनहून तासाभरावर, ऱ्हाइनमधल्या बेटावर आलो. दिवाळीपुरतं घेतलेलं घर फ्राउ ओनोंचं. त्यांच्या आजोबांनी जपानहून आणलेला लाकडी टब अजून वापरात. किल्ली देताना एकच बजावलं: अंग बाहेर घासायचं, स्वच्छ होऊन मगच टबात बसायचं. नवरा, निखिल, म्हणाला, "या, या, गेनाऊ," म्हणजे हो हो, बरोबर. ऐकलं कोणी?

२०, सोम. नरक चतुर्दशी
सासूबाईंनी माझ्या लेकीला, ईराला, थेट टबातच बसवलं. तेल, उटणं, खसाखसा. "अगं, एवढं ऐसपैस घंगाळ पुण्यात तरी मिळेल का?" टबाला काळपट राड, केस. फराळानंतर घासू म्हटलं. दुपारी बघते तर टब लख्ख. पण चिकट. बोटाला तार आली. शिळ्या थुंकीचा वास. शी! सासूबाई खूश, "गुणाची गं सून माझी." मी हातही लावला नव्हता.

२१, मंगळ.
ईराच्या पोटरीवर लाल पट्टा, गाईने चाटल्यासारखा खरखरीत, ओलसर. "एस हाट गेकिट्सेल्ट," म्हणे. गुदगुल्या झाल्या! सहा वर्षांची पोर, हसत सांगते.
फ्राउ ओनोंना फोन केला. त्या शांतच. म्हणाल्या, आकानामे, न्हाणीघरातलं एक भूत. आजोबांच्या जपानी बेटावरचा, टबाबरोबर आला. मळ चाटतो, माणसाला शिवत नाही. मग विचारलं, "मुलीला टबातच चोळलंत?" हो म्हटलं. त्यावर म्हणाल्या, "मग आता त्याला कळलं, मळ कुठून येतो ते."
दुपारच्या होडीने निघालो.

२५, शनि. घरी
क्लोरिनने बाथरूम इतकी घासली की हात सोलले. निखिल केमिस्ट, त्याच्या मते शिमेल, म्हणजे बुरशी, बाकी सगळा माझा भ्रम. ईरा अंघोळीला तयार नाही. ओढत नेली तर किंचाळली, "एर हाट हुंगर!" त्याला भूक लागलीय. कोणाला, ते विचारायचं धाडस झालं नाही. सासूबाई देवापुढे बसून आहेत.

३०, गुरु.
रविवारपासून ईराच्या अंगाला पाणी नाही. काल खेळून आली ती चिखलाने माखून, तशीच झोपली. आज वेणी घालताना पाहिलं: मान, कानामागे, बोटांच्या बेचक्या, सगळं चकचकीत, चाटून काढल्यासारखं. निखिल म्हणतो, "बघ, स्वच्छ तर आहे." माझ्याच पोरीला हात लावताना किळस येते, आणि त्याची लाज वाटते.
अंघोळ घातली तर मळ टबात. नाही घातली तर तिच्या अंगावर.
नळ सोडलाय. तिला अजून हाक मारलेली नाही.