प्रमोदच्या नावाची चिठ्ठी

रवि. ५ ऑक्टो., सिटीवेस्ट
विल्सनकाका मुलीकडे कॅनडाला चालले, कायमचे. म्हणजे परदेशातल्या आमच्या एवढ्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीला नवे वडील, म्हणजे प्रमुख, हवेत, उपासना चालवायला. नावं दोनच: आमचा अमित आणि प्रमोद. मतदान नको म्हणे, फूट पडते. बायबलात पहिल्या शिष्यांनी रिकाम्या जागेसाठी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, तसंच करू. मग सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवले की अधिकार मिळाला. ही टूम प्रमोदचीच. मला काही सरळ वाटत नाही.

बुध. ८
प्र.ची बायको लुअस ट्रॅममध्ये भेटली. फारच गोड बोलली. नक्की काहीतरी शिजतंय. अमितला सांगितलं तर, "तुझं आपलं काहीतरीच." आणि स्वतः आरशासमोर प्रार्थनेची प्रॅक्टिस! ऑफिसात दोन वर्षं कुणी विचारत नाही बिचाऱ्याला. त्याला हे हवंय. फार हवंय.

रवि. १२
चिठ्ठ्या सासूबाईंनी लिहिल्या, उचललीही त्यांनीच. सगळ्यांत वयस्कर, नगरहून पाहुण्या आलेल्या. त्यांच्यावर कोण संशय घेणार? अमितचं नाव निघालं. प्र.ने सगळ्यांत आधी मिठी मारली. हा एवढा खूश कसा? पुढच्या रविवारी हात ठेवणं.

मंगळ. १४
सासूबाईंचा स्वेटर धुवायला काढला. खिशात न उचललेली चिठ्ठी. उघडली तर अमित. म्हणजे दोन्हींवर अमितच.
"आई, प्रमोदची कुठंय?"
"लिव्हलीच न्हाई. देवाला कशाला कोड्यात टाकायचं?" वर म्हणे, त्या शिष्यांच्या वेळी तरी दोन नावं आधी माणसांनीच काढली होती ना.
अमितला माहीत होतं का, विचारलं. मटार सोलत बसल्या.
आणि मी प्र.च्या बायकोबद्दल काय काय... शी. लाज वाटली स्वतःची.

शनि. १८
अमितने नवा शर्ट आणलाय. मी तीनदा विचारायला तोंड उघडलं.
"काय गं?"
"काही नाही. जेवायला चल."
नाही म्हणाला तर माझा विश्वास बसेल का? आणि हो म्हणाला तर...

रवि. १९
झालं. अमित गुडघ्यांवर, डोक्यावर सगळ्यांचे हात. प्र. रडत होता, अगदी मनापासून. मी मागे भिंतीशी.
परतताना गाडीत अमित म्हणाला, "तुझा हात नव्हता."
"गर्दी होती."
मोजून नऊ माणसं आम्ही. त्याने रेडिओ लावला.