पाचवं नाव

अमरावती, शनिवार, ३ सप्टेंबर १९६६

खांदा सुजलाय, तरी लिहितो. अडलेल्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही कचेरीपुढे बसलो होतो. दुपारी सत्ताधारी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेची पाच पोरं जीपमधून लाठ्या घेऊन उतरली. पोलीस बाजूला सरून चहा पीत राहिले. त्या पोरांत दिनकर. दोन वर्षं माझ्या खोलीत राहिलेला, मूर्तिजापूरचा दिनकर. अंगात माझाच निळा सदरा.

"तू काहून आला?" मी विचारलं.

"ऊठ ना बे. घरी जाय. मले मारायले लावू नको."

मी उठलो नाही. त्यानं मारलं. एकदाच, पण मारलं. पक्षानं नोकरी कबूल केली म्हणून महिन्यापूर्वी तो त्यांच्या कार्यालयात राहायला गेला, तेव्हा तो सदरा मीच दिला होता. चांगलं दिसावं म्हणून.

संध्याकाळी प्राचार्यांनी मारणाऱ्यांची नावं विचारली. चार सांगितली.

"आणि पाचवा?"

"ओळखत नाही, सर."

खोटं बोललो. का? भ्यालो? नाही. नाव दिलं असतं तर तो या खोलीत पुन्हा कधीच आला नसता. त्याची गादी अजून शेजारच्या खाटेवर गुंडाळलेली आहे. त्यानं यावं, काही न बोलता ती पसरावी, एवढंच वाटतं.