मामीसाठी आणलेला कागद

चि. भाचीस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. तू खुशाल असशीलच. नसलीस तर आधी औषध घे आणि मग हे पत्र वाच, कारण ते लांबणार आहे. माझा गुडघा जागच्या जागी आहे, फक्त जिना दिसला की कुरकुरतो. तुझ्या आईला (म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला) यातलं अक्षरही सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही.

तुला ठाऊकच आहे, आजारपणानंतर मामीचा उजवा हात थरथरतो आणि आठ महिने तिने ब्रश धरलेला नाही. रंगांची पेटी तिने कपाटात चादरींखाली ठेवून दिली. तशी ती बोलते, हसते, माझ्या चुका काढते, पण खिडकीशी बसून चिमण्या रंगवणारी बाई गेली ती गेलीच, आणि मला ते बघवत नाही. मी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. माझ्यासारख्याला कुठल्याही दुखण्यावर एकच उपाय सुचतो, कागद बदला! म्हणून तू तुझ्या छापचित्रांसाठी जिथून जपानी कागद नेतेस, त्या दुकानात गेलो.

तिथल्या बाईंनी विचारलं, "कशासाठी हवाय?" मी म्हटलं, चित्रासाठी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डॉक्टरकडे जाऊन नुसतं औषध द्या म्हणालो होतो. मग तासभर वर्ग घेतला. कोझो लांब धाग्यांचा, चिवट, लाकडी ठशांसाठी. गाम्पी पातळ, चकचकीत, बारीक रेघेसाठी. मित्सुमाता मऊ, शाईने लिहिण्यासाठी. शिवाय जलरंगांना सरस चढवलेलाच घ्या, नाहीतर रंग पसरतो. मी मान डोलवत होतो (कागदातलं मला कोण शिकवणार, या गुर्मीत) आणि सरसाचं तेवढं नेमकं कानाआड केलं. घरी येताच सवयीने सगळे ताव माझ्या जुन्या कटिंग मशीनखाली घालून चारी बाजूंनी काटकोनात कापले. हाताने केलेल्या कागदाच्या पिंजलेल्या कडा हीच त्याची शोभा असते, हे नंतर कळलं. तू आता कपाळाला हात लावला असशील. मीही लावला.

मामीने दोन दिवस त्या कागदांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पेटी काढली. मी पेपर वाचण्याचं नाटक करत बसलो. तिने कोझोवर चिमणी काढली, आणि सरस नसल्यामुळे रंग पसरत पसरत चिमणीची कोंबडी झाली, कोंबडीचा ढग झाला. ती हसली, म्हणून मी शेफारलो आणि गाम्पी पुढे केला. तिथे चुकलो. तो कागद काही म्हणून लपवत नाही. चिमणीच्या पायाची एकच रेघ तिने ओढली, ती करवतीच्या दात्यांसारखी आली. मामीने ब्रश धुतला, पुसला आणि ती उठून भांडी लावू लागली. मला रडू आलं गं. चष्मा पुसायच्या निमित्ताने गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मग मी कोझोला घरीच सरस चढवायचं ठरवलं. सरस मिळाला नाही, म्हणून पुस्तकांची खळ पातळ करून लावली (बाइंडर जिला पातळ म्हणतो, तिच्यात चमचा उभा राहतो). ताव वाळला तो जेवणाच्या टेबलाला चिकटूनच. मी हाडाच्या पट्टीने घासतोय, चिवट कागद हलत नाही, आणि मशीनला तेल देऊन आल्यामुळे माझे हात काळेकुट्ट. बघतो तर कागदावर टेबलाच्या लाकडाच्या रेषा गाठींसकट उमटू लागलेल्या! मामी कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"सरका," ती म्हणाली, "तुम्हाला धड घासताही येत नाही."

घासायला हात स्थिर लागत नाही. थरथरला तर उलट रंग सगळीकडे पोचतो. त्या दिवसापासून ती कशावरही कागद ठेवून, रंग घासून त्याचा ठसा काढते; दार, वेताची खुर्ची, माझा तळवा, तिच्या तावडीतून काही सुटलेलं नाही. टेबल मात्र कामातून गेलं. सध्या आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो आणि फार सुखात आहोत.

तुझा,
मामा

ता. क. कोझोचे वीस ताव पाठव. कडा कापणार नाही, तुझी शपथ.

ता. क. २. खरं काम हे. मला पत्रातून लाकूड कोरायला शिकव. चिमणी मी कोरीन, मामी छापेल, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेघ मारायची वेळच यायला नको. तो दिवस मला परत बघायचा नाही. तिला मात्र ताकास तूर लागू देऊ नकोस.

ता. क. ३. मी मामी. पत्र वाचलं. यांना कोरायला शिकवू नकोस, बोट कापून घेतील. चिमणी मीच काढणार आहे. रेघ वाकडी येते ती येऊ दे, माझी आहे. मला गाम्पी पाठव. तुझे मामा पाकीट शोधताहेत, ते मी उशीखाली लपवलंय, कारण एवढ्या ओळी लिहायला मला पाऊण तास लागला. अक्षर लागलं का, ते कळव.