कोपरा कापलेला पासपोर्ट

शनिवार, १६ मे. अमळनेर

कूलरचा पंप आज शहीद झाला. पंचेचाळीस अंशांत माझ्यासारख्या नामवंत विनोदी लेखकावर ओल्या पंच्याने अंग पुसण्याची वेळ आली, याची इतिहासाने नोंद घ्यावी.

पण सलतंय ते वेगळंच. मुलीने काल कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. फोनवर हसत सांगत होती, जुना भारतीय पासपोर्ट आता रद्द करून, कोपरा कापून परत देतील म्हणे. तिच्यासाठी वाळवलेले ज्वारीचे बिबडे घेऊन बायको गच्चीवरून खाली आली. ऐकलं आणि फोनकडे बघत म्हणाली, "मंग आते व्हिसा काढीसन येशी का माहेरले?"

मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही तरी अभिनंदन करा ना."

"तिकडची थंडी तुला लखलाभ!" म्हणालो आणि फोन ठेवला.

विनोद होता का तो? वीस वर्षं दर आठवड्याला या देशाची टिंगल लिहिली. पोरगी तीच वाचत मोठी झाली. खरी वाटली असेल तिला? घरच्या माणसावर चिडावं तसा देशावर चिडत होतो, एवढं मात्र कधी लिहिलं नाही.

तो कापलेला कोपरा काही डोळ्यांपुढून जात नाही.

तिचं एक अभिनंदन माझ्याकडे बाकी होतं. आत्ता पाठवलं. खाली लिहिलं, थंडीत कान झाकत जा.