तर्रीमुक्त गाडगेनगर

३ नोव्हेंबर, सोमवार

आपल्या मेससमोर 'फिट थाळी' उघडली. मालक शेखर. दिवाळीपर्यंत हाच माणूस मोबाइलचे कव्हर विकत होता, आता पांढरा अ‍ॅप्रन घालून प्रोटीन विकून राहिला. बोर्ड सगळा इंग्रजीत. पोरांना वाचता येतो म्हणून काय झालं.

दुपारी अंकुर जेवताना भाजीवरची तर्री चमच्यानं काढून ताटाच्या कडेला जमा करत होता. लाल तेलाचं लहानसं तळं झालं. पोट्टा दर्यापूरकडचा, पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे ग्राउंडवर पळतो. म्हणाला, पळताना छातीत जळजळते. मी मनाला लावून घेतलं नाही.

संध्याकाळी आपले आठ-दहा पोट्टे समोर गेले. तेही लावून घेतलं नाही.

ठरलं. 'खुशाल भोजनालय' उद्यापासून हेल्दी. बायकोला, रागिणीला सांगितलं, तेल अर्धं कर. तिनं विचारलं, कोणासाठी? मी म्हणालो, समाजासाठी. ती कांदे चिरत राहिली.

५ नोव्हेंबर

अर्ध्या तेलाचा पहिला दिवस. गोवर्धनजींनी भाजीकडे पाहिलं आणि घरात कोणी आजारी आहे का म्हणून चौकशी केली. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस, बायको वारल्यापासून दोन्ही वेळ आपल्याकडेच जेवतो. असं जुनं गिऱ्हाईक दुखवून चालत नाही. संध्याकाळी तर्री पूर्ववत.

बदल टप्प्याटप्प्यानं झाला पाहिजे.

स्वतःपासून सुरुवात. बीपीच्या डॉक्टरनं मीठ कमी आणि तळलेलं बंद सांगितलं होतं, त्याला वर्ष झालं. उद्यापासून गिला वडा बंद. आज एक प्लेट खाल्ली. निरोपाची.

८ नोव्हेंबर. आंघोळीनंतर

आयडिया आली. मोठी आहे.

दर रविवारी आपल्याच स्वयंपाकघरात क्लास घ्यायचा. साधा, पौष्टिक स्वयंपाक. फुकट. जो शिकेल त्यानं पुढे दोघांना शिकवायचं, ही अट. म्हणजे महिन्याभरात सगळ्या गाडगेनगरात आपलं नाव. आणि खरी गंमत पुढे आहे. ज्यानं एकदा गॅसपुढे उभं राहून भाकर थापली, त्याला मेसची किंमत कळते. तो हात जोडून परत येतो. समोरच्या शेखरला ही सायकॉलॉजी सात जन्मात सुचणार नाही.

रागिणीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "शिकले तर मंग जेवाले येतीन कायले?"

तिला मार्केटिंग कळत नाही. माहेर अकोल्याचं.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला क्लास. हजेरी उत्तम. मी ज्वारी, फायबर आणि शिस्त या विषयांवर बोललो, रागिणीनं डाळभाजी आणि भाकर करून दाखवली. थिअरी माझी, प्रॅक्टिकल तिचं. मुलं बहुतेक वेळ तिच्याच बाजूला पाहत होती. तिकडे उजेड जास्त आहे.

अंकुरची पहिली भाकर दर्यापूर तालुक्याच्या नकाशासारखी झाली. पण फुगली. तलाठीच्या परीक्षेची तयारी करणारी प्रणाली आहे, तिनं सगळ्याचा व्हिडिओ काढला. रात्री पाहिला तर त्यात मी नाही. फक्त आवाज आहे, तोही मध्येच कमी केलेला. टेक्निकल अडचण असेल.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नाव: तर्रीमुक्त गाडगेनगर. अ‍ॅडमिन मी.

१६ नोव्हेंबर, रविवार

हजेरी दुप्पट. 'फिट थाळी'त जेवणारेही आले. शेखर दारात उभा राहून पाहत होता. मी मुद्दाम मोठ्यानं बोललो.

अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, मोड आलेली मटकी. प्रश्नोत्तरं झाली. फोडणीत मोहरी तडतडली नाही तर काय करायचं, असं एकीनं मला विचारलं. मी म्हणालो, संयम ठेवायचा. रागिणी म्हणाली, तेल तापू द्यायचं. म्हणजे एकच झालं.

संध्याकाळी गिला वडा. क्लासमध्ये उभं राहून अशक्तपणा येतो.

२४ नोव्हेंबर

रात्री मेसमध्ये गर्दी जरा कमी. परीक्षा जवळ आल्या.

ग्रुपवर मात्र फोटोच फोटो. कोणाची पालक-डाळ, कोणाची लसणाची चटणी. एका खोलीत चार पोट्ट्यांनी मिळून शेगडी घेतली. मी प्रत्येकाला अंगठा दिला. प्रॅक्टिस केल्याशिवाय मेसची किंमत कळणार कशी?

२ डिसेंबर

वरण उरलं. कालही उरलं होतं. थंडीचं कारण आहे, थंडीत माणूस घराबाहेर पडत नाही.

कोपऱ्यावर माणिकबाईच्या भाजीच्या गाडीवर मात्र ही झुंबड. मला पाहून तिनं मेथीची जुडी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिशवीत कोंबला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाली, तुमच्यामुळे पोट्टे आता पावपाव किलो भाजी नेतेत. वीस वर्षांत या लाइनीत कोणी मला फुकट काही दिलं नव्हतं. छाती भरून आली.

मेथी आणली. तीही उरली.

७ डिसेंबर, रविवार

क्लास अंगणात घ्यावा लागला. घरमालक लोक आले, दोन मास्तर आले, रिटायर झालेले आले. अंकुरनं दोघांना शिकवलं, त्यांनी चौघांना. ग्राउंडवर पोट्टे आता उकडलेले हरभरे घेऊन येतात म्हणे. आंदोलन उभं राहिलं आहे. मी भाषणात 'आंदोलन' शब्द दोनदा वापरला.

क्लासनंतर सगळे आपापल्या खोलीवर जेवायला गेले.

१२ डिसेंबर

'फिट थाळी' बंद पडली!

शेखर स्वतः भेटायला आला. म्हणाला, कोणी येतच नाही भाऊ, सगळे खोलीवर रांधतात. तुमचं कसं चालू आहे? मी म्हणालो, एकदम मस्त. त्यानं आमच्या टेबलांकडे पाहिलं. दुपारची वेळ होती, दुपारी असंच असतं. शेजारी गोवर्धनजी एकटेच जेवत होते, त्यांनीही मान हलवली.

स्ट्रॅटेजी यशस्वी. विजयाप्रीत्यर्थ गिला वडा, दोन प्लेट. उडदाची डाळ असते, म्हणजे प्रोटीनच.

१५ डिसेंबर

अकोला शाखा उघडायची ठरवली. लोखंड गरम आहे तोवरच काय ते केलं पाहिजे. सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेलो, जुन्या शहरात सासऱ्यांकडे उतरलो. केशवरावांना सगळी योजना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, सध्या किती लोक जेवतात? मी त्यांना आकड्यांपेक्षा व्हिजन समजावलं.

त्यांनी बाजाराजवळचा एक गाळा दाखवला. छान आहे, समोर वाहतूक आहे. मग निघताना विचारलं, रागिणीच्या मनगटाचं कसं आहे? मी म्हणालो, ठीक. मनगटाचं काय आहे ते मला माहीत नव्हतं. घरी गेल्यावर विचारायचं ठरवलं.

गाडी उशिरा पोचली. राहून गेलं.

२२ डिसेंबर

पोळ्या करणारी गंगूबाई काम सोडून गेली. तिला नांदगाव पेठेतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मिळालं. मी म्हणालो, अशी मध्येच सोडून जाते का कोणी? ती म्हणाली, चार पोळ्यांसाठी माणूस कायले लागते जी.

लोकांना संघर्षाच्या काळात साथ देता येत नाही.

आता पोळ्याही रागिणीच करते. थोड्याच असतात.

४ जानेवारी

नववर्षाचे संकल्प: १. गिला वडा बंद (या वेळी खरंच). २. सकाळी चालणे. ३. अकोला गाळा फायनल. ४. रागिणीच्या मनगटाबद्दल विचारणे.

क्लासला जुने कोणी आले नाहीत. नवे आले, पण अर्ध्यातून उठून गेले. त्यांच्या गल्लीत प्रणालीचा क्लास होता, त्याच वेळेला. वेळा ठरवताना अ‍ॅडमिनला विचारायला पाहिजे.

९ जानेवारी

गोवर्धनजी जेवण झाल्यावर बराच वेळ बसून राहिले. पाणी प्यायले, पुन्हा प्यायले. मग म्हणाले की उद्यापासून ते घरीच करणार. प्रणालीनं त्यांना डाळभाजी आणि खिचडी शिकवली. जन्मात कधी गॅस पेटवला नव्हता, लायटरला भीत होते.

जाताना माझा हात धरला. म्हणाले, "किशोरभाऊ, तुमचे उपकार झाले. बायको गेल्यावर पयल्यांदा घरात फोडणीचा वास आला."

मी अभिनंदन केलं. मग सगळ्या टेबलांवरून फडकं मारलं. टेबलं स्वच्छच होती.

११ जानेवारी, रविवार

क्लासला कोणी नाही.

मी ज्वारीचे फायदे पाठ करून बसलो होतो. तासाभरानं प्रणाली आली, मला वाटलं उशीर झाला असेल. तिनं सांगितलं की आता चार गल्ल्यांत क्लास चालतात आणि सगळे सगळं शिकले. "सर, तुमचा सिलॅबस संपला." गोड बोलते मुलगी.

तिनं आणखी एक विचारलं. गाडगेनगरातल्या अभ्यासिका भरून वाहतात, बसायला जागा मिळत नाही. आपला हॉल रिकामाच असतो, टेबल-खुर्च्या आहेत, पंखे आहेत. पोरं महिन्याचं भाडं द्यायला तयार आहेत. मी म्हणालो, हे भोजनालय आहे, वडिलांच्या नावाचं. ती सॉरी म्हणाली. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

विचार करण्यासारखं काही नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी अकोल्याच्या गाळ्याबद्दल बोलायला आत गेलो, तर रागिणी झोपली होती. दुपारी! मला वाटलं ताप आला. हलवून उठवलं.

ती उठून बसली. म्हणाली, "ताप नाई आला. अठरा वर्षांत आज पयल्यांदा दुपारी झोपली मी. तुमच्या त्या क्लासनं एवढं मात्र चांगलं केलं."

मग तिनं उजवा हात दाखवला. मनगट सुजलं होतं. दोन वर्षांपासून दुखतं, म्हणाली. साठ-सत्तर माणसांची कणीक. मी विचारलं, मला काहून नाही सांगितलं? तर म्हणे, सांगितलं होतं, तुमी पेपर वाचून राहिले होते.

उद्या ती अकोल्याला जाते आहे, वडिलांकडे, आठ-दहा दिवस. डॉक्टरला दाखवेल. मी म्हणालो, जाते आहेसच तर तो गाळा एकदा बघून ये. तिनं बॅगेची चेन लावली.

माझ्या जेवणाचं काय, असं तिनं विचारलं. मला हसू आलं. अख्ख्या गाडगेनगराला ज्यानं शिकवलं, त्याला हा प्रश्न!

१५ जानेवारी

खिचडीचा बेत. कुकरची शिट्टी झाली नाही, वाफ बाजूनं जात राहिली. आतली काळी रिंग लावायची असते, हे नंतर प्रणालीच्या व्हिडिओत दिसलं. व्हिडिओ तसा चांगला आहे.

गिला वडा.

१६ जानेवारी

पोहे. भिजवून विसरलो. गिला वडा.

१७ जानेवारी

वडेवाल्यानं विचारलं, वहिनी माहेरी गेल्या काय? लोकांना दुसऱ्याच्या घरात फार रस.

१९ जानेवारी

प्रणालीला हॉल दिला. मेस बंद झालेली नाही. कन्व्हर्जन झालं आहे. बोर्ड तोच ठेवायचा, फक्त 'भोजनालय' खोडून 'अभ्यासिका'. बाबांचं नाव कायम राहतं, हा मोठा मुद्दा. गाळ्यावाल्याला अकोल्यात फोन करून नाही म्हणालो. त्यानं गाळा आधीच दुसऱ्याला दिला होता.

संध्याकाळी पंचवीस मुलं आपल्या टेबलांवर मान खाली घालून बसली होती. हॉल बऱ्याच दिवसांनी भरला. कोणी काही मागत नव्हतं.

२५ जानेवारी

रागिणी आज परतली. मनगटाला पट्टा. डॉक्टरनं दोन महिने लाटणं-थापणं बंद सांगितलं आहे.

तिला म्हणालो, तू बस. बसून राहायचं, मी वाढतो. मुगाची खिचडी केली होती, या वेळी रिंग लावून. रंगही चांगला आला. ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं डाव्या हातानं एक घास घेतला आणि थांबली.

मी म्हणालो, मुद्दाम लो सोडियम ठेवली आहे.

ती म्हणाली, "लो नाई. मीठ नाईच आहे."

मी उठलो. मांडणीवरचे डबे उघडले. साखर, रवा, डाळी, खोबरं, कसलंसं पांढरं पीठ. ओट्याखाली पाहिलं. खिडकीत पाहिलं. फ्रिजही उघडला. या स्वयंपाकघराचं वीजबिल, गॅस, किराणा सगळं माझ्या नावावर. रागिणी ताट धरून बसली होती. ती उठली नाही. मी तिला विचारलंही नाही.

तेवढ्यात हॉलमधून अंकुर पाणी भरायला आला. ग्राउंडची चाचणी पास झाल्याचं त्यानं सांगितलं. मी डबे उघडे टाकून उभा होतो. त्यानं विचारलं, काका, काय पाहून राहिले? मी म्हणालो, काही नाही, मीठ.

त्यानं पिठाच्या मोठ्या डब्यामागे हात घातला, न पाहता. बरणी काढली, माझ्या हातात दिली आणि बाटली भरून अभ्यासाला गेला.

मी मीठ घातलं.

जास्त पडलं. तिनं खाल्लं.